चालतंय ना, मग राहू दे

३० जून २०२४, रविवार. त्या दिवशी सेंटओएस ७ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपली आणि वरकरणी कुठेच काही झालं नाही. तिच्यावर चालणाऱ्या वेबसाइटी उघडत राहिल्या, सोमवारी कचेऱ्यांमधली कामं नेहमीसारखी सुरू झाली. फरक जाणवला तो पुढच्या काही दिवसांत, आणि तोही एखादं नवं पॅकेज बसवायला घेतलेल्यांनाच. पॅकेज कुठून आणायचं हे सांगणाऱ्या मिररलिस्टचा पत्ताच सापडत नाही, असा संदेश पडद्यावर येऊ लागला. तो पत्ता बंद केला होता. जुनी पॅकेजेस ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात हलवली होती. तिथे ती आहेत तशीच राहणार, त्यांत यापुढे एका ओळीचीही दुरुस्ती होणार नाही.

हा विषय मागे पडतो तो या शांततेमुळेच. छत गळलं तर पाणी दिसतं, मोटार बिघडली तर आवाज येतो. ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाल्याचा आवाज होत नाही. म्हणून संस्थांमध्ये या कामाची फाइल वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते, आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस दर वर्षी तोच प्रस्ताव मांडून तेच उत्तर ऐकतो: चालतंय ना, मग राहू दे.

आधी मुदत संपणं म्हणजे नेमकं काय ते पाहू. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एकच वस्तू नव्हे. कर्नल, सी लायब्ररी, ओपनएसएसएल, ओपनएसएसएच, डेटाबेस, वेब सर्व्हर अशी हजारो पॅकेजेस एकत्र बांधून ती बनते. या प्रत्येकात सुरक्षेच्या फटी सापडत असतात. फट सापडली की ती बुजवून दुरुस्त पॅकेज आपल्यापर्यंत पोचवायची जबाबदारी हा संच, म्हणजे डिस्ट्रो, तयार करणाऱ्यांची असते. मुदत संपते ती या जबाबदारीची. फटी सापडणं मात्र थांबत नाही. उलट नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती जाहीर झाली की फट कुठे होती हे सगळ्या जगाला कळतं. तीच फट जुन्या आवृत्तीतही असेल, तर ती आता उघडी आहे आणि तिचा नकाशाही छापून आलेला आहे. मुदत संपलेल्या सर्व्हरचा धोका दर महिन्याला वाढतो तो यामुळे.

मुदती वेगवेगळ्या असतात. डेबियनच्या आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण आधार मिळतो आणि नंतर दोन वर्षं स्वयंसेवक व प्रायोजकांच्या मदतीने वाढीव. उबंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात. त्यांना पाच वर्षं आधार असतो आणि उबंटू प्रो घेतलं की दहा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची मुदत दहा वर्षांची. विंडोज सर्व्हरचीही साधारण तशीच, पाच अधिक पाच. इथे एक गोष्ट नेहमी विसरली जाते. ही वर्षं आवृत्ती बाजारात आली त्या दिवसापासून मोजायची असतात. आपण ती कधी बसवली याला काही अर्थ नाही. सेंटओएस ७ जुलै २०१४ मध्ये आली. ज्यांनी ती २०२० मध्ये नव्या यंत्रावर बसवली, त्यांना दहातली जेमतेम चार वर्षं मिळाली.

सेंटओएसची कहाणी या सगळ्या प्रश्नातली सर्वांत बोलकी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. रेड हॅटची सिस्टिम भक्कम, पण तिचा आधार पैसे भरून घ्यावा लागतो. तिचा स्रोत मात्र खुला होता. २००४ मध्ये काही जणांनी त्या स्रोतापासून तशीच सिस्टिम पुन्हा बांधून फुकट द्यायला सुरुवात केली. ती सेंटओएस. वेबहोस्टिंग कंपन्या, विद्यापीठं, संशोधन संस्था, छोटी कार्यालयं, सगळ्यांनी ती उचलली. २०१४ च्या जानेवारीत रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला, तेव्हा बहुतेकांना तो आधार अधिक पक्का झाल्यासारखं वाटलं. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ आली. तिची मुदत २०२९ पर्यंत असणार होती. मग ८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली की सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबेल. पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम राहील, म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या उपआवृत्तीत काय येणार हे आधी दाखवणारा प्रवाह. ज्यांनी शहाणपणाने वेळेत ७ वरून ८ वर उडी घेतली होती, त्यांची मुदत आळस केलेल्यांच्या आधी अडीच वर्षं संपली. वेळेवर काम करणाऱ्याला बसलेला हा फटका मला आजही खटकतो. त्यानंतर कितीतरी प्रशासकांच्या मनात अपग्रेडबद्दलच अविश्वास बसला आणि तो स्वाभाविक होता.

पर्याय फार लवकर उभे राहिले. अल्मालिनक्सची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली, रॉकी लिनक्सची जूनमध्ये. रॉकीची सुरुवात ग्रेगरी कर्ट्झर यांनी केली. सेंटओएसच्या सुरुवातीच्या काळात ते होतेच, आणि तेव्हाचे त्यांचे दिवंगत सहकारी रॉकी मगॉ यांच्या स्मरणार्थ त्यांनी हे नाव दिलं. युरोपातल्या सर्न आणि अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळांचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. त्यांची स्वतःची सायंटिफिक लिनक्स होती. २०१९ मध्ये फर्मीलॅबने पुढची आवृत्ती न काढता सेंटओएस ८ वापरायचं ठरवलं. वर्षा-दीडवर्षात ती जमीनच सरकली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही प्रयोगशाळांनी अल्मालिनक्सची निवड जाहीर केली. सर्नची आकडेमोड जगभर पसरलेल्या संगणकांच्या जाळ्यावर चालते. त्या जाळ्याचं एक केंद्र मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. म्हणजे जिनिव्हातला असा निर्णय कुलाब्यातल्या माणसाच्याही कामाच्या यादीत येऊन पडतो.

आता धोक्याबद्दल. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला गाठलं. तिथल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ पोचली, शस्त्रक्रिया आणि तपासण्या रद्द झाल्या. ज्या फटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. पण मुदत संपलेल्या विंडोज एक्सपी आणि विंडोज सर्व्हर २००३ साठी ती त्या वेळी सर्वांना उपलब्ध नव्हती. हल्ला झाल्यावर कंपनीने नियम मोडून तीही खुली केली. या घटनेवरून ‘जुनी सिस्टिम म्हणजे सर्वनाश’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो अर्धाच खरा आहे. बाधित यंत्रांत प्रचंड बहुसंख्या विंडोज ७ ची होती. त्या सिस्टिमची मुदत तेव्हा शिल्लक होती, दुरुस्तीही मिळत होती, फक्त कुणी बसवली नव्हती.

दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा हल्ला आला आणि त्याचे धक्के थेट न्हावा शेवापर्यंत आले. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातली यंत्रणा कोलमडली आणि जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरांचे ट्रक रस्त्यावर अडकून पडले. कंपनीचे अध्यक्ष जिम हागमन स्नाबे यांनी नंतर दावोसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. हा आकडा मी संस्थाचालकांपुढे मुद्दाम मांडतो. अपग्रेडला वेळ नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे हा वेळ असतोच. तो स्वतः ठरवून काढायचा की दुसऱ्याने ठरवलेल्या रात्री काढायचा, एवढीच निवड हातात असते.

तरी ‘जितकं नवं तितकं सुरक्षित’ हे समीकरणही मला मान्य नाही. सेंटओएस ७ ची मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ ला, ओपनएसएसएचमधली एक गंभीर फट जाहीर झाली. ती होती ८.५ ते ९.७ या आवृत्त्यांत. सेंटओएस ७ मध्ये ओपनएसएसएच ७.४ होतं. म्हणजे जुना सर्व्हर त्या फटीपासून सुटला आणि नवे सर्व्हर सापडले. पण नव्यांना दुरुस्ती लगेच मिळाली, आणि पुढची फट जुन्यात निघाली असती तर त्याच्यासाठी कुणी धावलं नसतं. त्याच वर्षी २९ मार्चला आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एक्सझेड या पॅकेजात जाणूनबुजून पेरलेलं चोरदार सापडलं. ते पोचलं होतं डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत, म्हणजे अगदी ताज्या ठिकाणी. स्थिर आवृत्त्यांवरचे सर्व्हर त्यातून वाचले. म्हणून मी सांगतो की आवृत्ती अशी घ्या जिची मुदत लांब आहे आणि जी बाजारात येऊन काही महिने झाले आहेत. उबंटूही जुन्या एलटीएसवरून नव्या एलटीएसवर जायची सूचना लगेच देत नाही, पहिली उपआवृत्ती आल्यावरच देते. त्यामागे हाच अनुभव आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्यापायी तपासनीस आणि प्रशासक यांच्यात वाद होतात. आवृत्तीचा क्रमांक जुना दिसला म्हणून पॅकेज असुरक्षित ठरत नाही. रेड हॅट किंवा डेबियन दुरुस्ती मागे नेऊन जुन्याच आवृत्तीत बसवतात, क्रमांक तोच ठेवतात. त्यामुळे फक्त क्रमांक वाचणारं तपासणीचं साधन खोट्या भीतीची लांबलचक यादी काढून देतं. मुदत चालू असलेली सिस्टिम असेल तर ही यादी एकेक ओळ तपासून उत्तरता येते. मुदत संपली की हा बचाव उरत नाही.

मग लोक का थांबतात? पैसा हे कारण सांगितलं जातं. माझ्या अनुभवात खरं कारण भीती असते, आणि भीतीमागे अज्ञान असतं. त्या सर्व्हरवर नक्की काय काय चालतं हे संस्थेतल्या एकाही माणसाला पूर्ण माहीत नसतं.

२०२२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी असा सर्व्हर पाहिला. महाविद्यालयाच्या जिन्याखालच्या खोलीत, इन्व्हर्टरशेजारी. त्यावर चिकटपट्टीने कागद लावलेला: ‘बंद करू नये’. आत सेंटओएस ६, जिची मुदत ३० नोव्हेंबर २०२० लाच संपलेली. पीएचपी ५.३, मायएसक्यूएल ५.१. फी, प्रवेश आणि ग्रंथालय सांभाळणारा प्रोग्रॅम एका माजी विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून लिहिलेला. सर्व्हर सलग अकराशेहून अधिक दिवस चालू होता. हेडक्लार्कना सगळे काका म्हणत. ते अभिमानाने म्हणाले, “सर, एकदाही बंद पडला नाही. चालतंय ना, मग राहू दे की.” मला त्या आकड्याची धास्ती वाटली. अकराशे दिवस चालू म्हणजे अकराशे दिवसांत कर्नलची एकही दुरुस्ती लागू झाली नाही. शिवाय हा सर्व्हर बंद करून परत चालू केल्यावर उठेल की नाही, हे कुणालाही ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा प्रकार.

अशा कामात मी पहिलं पाऊल नेहमी एकच उचलतो. काहीही न बदलता, पूर्ण बॅकअप घेऊन, जुना सर्व्हर आहे तसा एकदा रीबूट करायचा. कारण अपग्रेडनंतर काही मोडलं तर ते अपग्रेडमुळे मोडलं की आधीपासूनच मोडकं होतं, हे कळायला हवं. तिथे एका रविवारी हे केलं. सर्व्हर उठला, पण फीच्या पावत्यांचा फोल्डर रिकामा दिसू लागला. काकांचा चेहरा उतरला. शोधाशोध केल्यावर समजलं की पावत्या दुसऱ्या डिस्कवर होत्या. ती डिस्क काही वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने जोडली होती आणि सुरू होताना आपोआप जोडली जावी म्हणून ज्या फाइलीत नोंद करायची ती केलीच नव्हती. पावत्या सुरक्षित होत्या. पण चाळीस मिनिटं आम्ही त्या खोलीत श्वास रोखून होतो. वीज गेली असती आणि इन्व्हर्टरने दगा दिला असता, तर हीच चाळीस मिनिटं प्रवेशाच्या दिवशी, रांगेतल्या पोरांसमोर, मी तिथे नसताना आली असती.

अपग्रेडमध्ये मोडतं काय, याचा आढावा घेताना मला मोठ्या गोष्टींपेक्षा अशा बारीक गोष्टीच जास्त आठवतात. सेंटओएस ७ पासून नेटवर्क कार्डांची नावं बदलली. जुनं सरळ नाव धरून लिहिलेले फायरवॉलचे नियम आणि लायसन्स तपासणारे प्रोग्रॅम तिथेच अडखळले. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि नव्या सिस्टिमवर ‘पायथन’ एवढीच आज्ञा दिली तर ती सापडत नाही, असंही होऊ लागलं. रात्री चालणारी छोटी स्क्रिप्ट मुकाट थांबते आणि दोन महिन्यांनी बॅकअप उघडताना लक्षात येतं. पीएचपी ७ मध्ये मायएसक्यूएलशी बोलायची जुनी फंक्शन्स काढून टाकली, त्यामुळे महाविद्यालयाच्या त्या प्रोग्रॅमचं जवळपास प्रत्येक पान तपासावं लागलं. नव्या सिस्टिम टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या नाकारतात. ते योग्यच आहे, पण त्याच जुन्या भाषेत बोलणारी उपकरणं एकाएकी मुकी होतात. सांबा या प्रोग्रॅमने ४.११ पासून फाइल वाटण्याची जुनी एसएमबी १ पद्धत मुळातच बंद ठेवली. अपग्रेडनंतर पहिली तक्रार येते ती झेरॉक्स मशीनची: स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये पडत नाही. ही तक्रार क्षुल्लक समजू नये. कचेरीच्या नजरेत अपग्रेड यशस्वी की फसलेलं, हे त्या मशीनवरूनच ठरतं.

यंत्रही आड येतं. रेड हॅट ८ ने डिस्क सांभाळणाऱ्या जुन्या ‘रेड’ (RAID) कंट्रोलरांचे कितीतरी ड्रायव्हर काढून टाकले, म्हणजे नवी सिस्टिम जुन्या यंत्रात बसवायला जावं तर तिला डिस्कच दिसत नाही. रेड हॅट ९ ला प्रोसेसरही एका विशिष्ट पिढीनंतरचा लागतो, १० ला त्याहून पुढचा.

मराठी मजकूर सांभाळणाऱ्यांसाठी दोन धोके खास आहेत. पहिला अक्षरांचा. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत मुळातली अक्षरपद्धती लॅटिन १ होती, ८.० मध्ये ती यूटीएफ-८ झाली. जुन्या प्रोग्रॅमांत असं होत आलं की वेबपान यूटीएफ-८ मध्ये मराठी नावं पाठवायचं आणि डेटाबेस ती बाइट्स लॅटिन समजून जशीच्या तशी ठेवायचा. परत देताना तेच बाइट्स द्यायचा, म्हणून पडद्यावर सगळं नीट दिसायचं. दोन चुका एकमेकींना पुसत होत्या. नवी सिस्टिम यातली एक चूक सुधारते आणि उरलेली उघडी पडते. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेतं, त्यामुळे ‘सावित्री’च्या जागी लॅटिन चिन्हांची एक लांबलचक रांग दिसू लागते. आमच्या त्या महाविद्यालयात ग्रंथपाल बाईंनी चाचणीच्या सर्व्हरवर सूची उघडली आणि म्हणाल्या, “अहो, आमची सगळी पुस्तकं गेली.” पुस्तकं गेली नव्हती. डेटा लॅटिन १ म्हणूनच बाहेर काढायचा, त्यावरची खूण बदलायची आणि यूटीएफ-८ म्हणून आत घ्यायचा, असा उपाय आहे. पण तो जुना सर्व्हर शाबूत असताना करायचा असतो. बिघडलेल्या अवस्थेतच लोकांनी नव्या नोंदी भरायला सुरुवात केली की योग्य आणि बिघडलेली नावं एकाच तक्त्यात मिसळतात आणि मग हाताने निवडण्याशिवाय मार्ग राहत नाही.

दुसरा धोका क्रमवारीचा आणि तो जास्त फसवा आहे. शब्द कोणत्या क्रमाने लावायचे याचे नियम लिनक्समध्ये जीलिबसी या लायब्ररीत असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीत हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. साधं उदाहरण: इंग्रजीच्या नेहमीच्या मांडणीत ‘११’ आणि ‘१-१’ यांत पूर्वी ‘११’ आधी यायचं, आता ‘१-१’ आधी येतं. पोस्टग्रेससारखा डेटाबेस आपली सूची या क्रमावर बांधतो. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ होती, तिच्या पुढच्या पिढीत २.२८. डेटाबेसच्या फाइली तशाच उचलून नव्या सिस्टिमवर ठेवल्या, तर सूची जुन्या क्रमाने लावलेली आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय, अशी स्थिती होते. शब्दकोशाची पानं एका वर्णक्रमाने लावलेली आणि वाचणारा दुसऱ्याच वर्णक्रमाने पानं उलटतोय, तसं. नोंद असते, पण सापडत नाही. सापडत नाही म्हणून तीच नोंद दुसऱ्यांदा भरता येते, जिथे नियमाने एकच हवी तिथे दोन होतात. कुठलाही इशारा येत नाही. उपाय दोन: सगळ्या सूची नव्याने बांधा, किंवा डेटा मजकूर म्हणून बाहेर काढून नव्या ठिकाणी परत भरा. दुसरा मार्ग सावकाश आहे, तरी मला तोच आवडतो.

आता मार्गांचा प्रश्न. राहत्या घरात दुरुस्ती करायची, की नवं घर बांधून सामान हलवायचं? पहिल्या मार्गाला जागच्या जागी अपग्रेड म्हणतात. डेबियन आणि उबंटूत हा रस्ता बराच मळलेला आहे, मात्र मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. रेड हॅटच्या कुळात ‘लीप’ हे साधन आहे आणि त्याच्यावर आधारलेलं अल्मालिनक्सचं ‘एलिव्हेट’. लीप आधी तपासणी करून अहवाल देतं, कुठे अडेल ते सांगतं, आणि अडचण गंभीर असेल तर पुढे जायचंच नाकारतं. तो अहवाल अपग्रेड करायचं नसलं तरी वाचण्यासारखा असतो. विंडोज सर्व्हरलाही असा मार्ग आहे. एकच काम करणारा, नीट नोंदी ठेवलेला आणि व्हर्च्युअल यंत्रावरचा सर्व्हर असेल, म्हणजे आधी स्नॅपशॉट घेता येत असेल, तर हा मार्ग जरूर घ्यावा.

बाकी सगळीकडे माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे: शेजारी नवा सर्व्हर उभा करा आणि एकेक सेवा हलवा. यात मेहनत अधिक आणि काही आठवडे दोन सर्व्हरांचा खर्च. पण जुना सर्व्हर हात न लागता उभा असतो आणि परतीची वाट उघडी राहते. त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. जागच्या जागी अपग्रेड केलं की जुना गाळही नव्या सिस्टिमवर येतो: कुणाचं ते ठाऊक नसलेलं खातं, कशासाठी उघडला ते आठवत नसलेला पोर्ट, पाच वर्षांपूर्वी ‘तात्पुरता’ केलेला बदल. नवा सर्व्हर बांधताना प्रत्येक गोष्ट हेतूने आणावी लागते आणि प्रत्येक वेळी विचारावं लागतं, हे कशासाठी आहे? याच प्रश्नातून संस्थेला आपला विसरलेला इतिहास परत मिळतो. महाविद्यालयात आम्ही त्या माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो पुण्यात नोकरी करत होता. दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम अजून चालतोय हे ऐकून तो आधी गप्प झाला, मग तासभर बोलला. रात्री दोन वाजता कोणती स्क्रिप्ट चालते आणि का, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर पहिल्यांदाच सगळ्या सेवांची यादी झाली. सव्वीस निघाल्या. काकांच्या मते चार होत्या.

हलवण्याच्या रात्रीबद्दल थोडं. डीएनएसमधली टीटीएलची, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याची, मुदत दोन दिवस आधीच कमी करून ठेवावी, नाहीतर अर्धं जग जुन्या पत्त्यावर जात राहतं. परतीची रेषा कुठे आहे ते आधी लिहून ठेवावं. नव्या सर्व्हरवर पहिली खरी पावती फाटली की मागे फिरणं अवघड होतं, कारण ती पावती जुन्याकडे नसते. म्हणून त्या क्षणापर्यंतच्या सगळ्या चाचण्या आधीच पार पडलेल्या असाव्यात. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेला असावा. न उघडलेल्या बॅकअपवर मी कुणालाही अपग्रेड सुरू करू देत नाही.

पैसे भरून मुदत वाढवून घेण्याचा मार्गही आहे. विंडोज सर्व्हर २०१२ ची मुदत १० ऑक्टोबर २०२३ ला संपली, तिला तीन वर्षांपर्यंत विकतची वाढ मिळाली. सेंटओएस ७ साठीही खासगी कंपन्या दुरुस्त्या विकतात. प्रयोगशाळेतलं महागडं उपकरण जुन्याच सिस्टिमवर चालत असेल, तर हा पर्याय रास्त आहे, फक्त तो सर्व्हर बाकीच्या नेटवर्कपासून वेगळा काढावा. पण वाढीव वर्षांत हलवण्याचं काम सुरूच केलं नाही, तर भरलेले पैसे वाया गेले. आणि क्लाउडवर गेल्याने किंवा कंटेनर वापरल्याने हा प्रश्न सुटतो असं कुणी सांगितलं, तर त्या कंटेनरचा पाया कोणत्या सिस्टिमवर आहे ते विचारावं. सेंटओएस ७ च्या पायावर बांधलेले कंटेनर आजही नव्याकोऱ्या सर्व्हरांवर चालताना मी पाहतो.

भारतात नियमांचा रेटाही वाढला आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये एटीएमवरची विंडोज एक्सपी टप्प्याटप्प्याने काढायला बँकांना वर्षभराची मुदत दिली, तेव्हा एक्सपीचा आधार संपून चार वर्षं झाली होती. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. ज्या संस्थेला आपल्या जिन्याखाली काय चालतं तेच माहीत नाही, ती सहा तासांत काय कळवणार?

महाविद्यालयाचा नवा सर्व्हर अल्मालिनक्स ९ वर उभा राहिला. जुना तीन महिने शेजारी बंद ठेवला, मग त्याची डिस्क काढून कपाटात ठेवली. नव्या सर्व्हरवर काय लिहायचं, असं काकांनी विचारलं, कारण ‘बंद करू नये’ हे आता खरं नव्हतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो रीबूट करायचा असं ठरलं होतं. मी तारीख सांगितली. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: ‘मुदत मे २०३२. नवीन सर्व्हरची तरतूद २०३१ च्या अंदाजपत्रकात करावी.’ खाली रीबूटच्या तारखांसाठी रेघा आखल्या. गेल्या वेळी गेलो तेव्हा पहिला कागद भरला होता आणि दुसरा चिकटवलेला होता.